पाच सेकंदांचं भांडण

कुबरनेटिसच्या क्लस्टरमध्ये काही बिघडलं की पहिला संशय डीएनएसवर जातो. ‘डीएनएसच असणार’ हे वाक्य विनोद म्हणूनही म्हणतात आणि निदान म्हणूनही, आणि कोण कशा अर्थाने म्हणतंय ते ओळखणं दिवसेंदिवस अवघड होतंय. आमच्याकडे यावरून दोन माणसांचं सतत वाजतं. एक थोरले, बाइंडचे सर्व्हर सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, कंटेनर त्यांना उशिरा भेटले. दुसरी धाकटी, तिची नोकरी सुरूच झाली ती पॉड आणि नेमस्पेसच्या जगात, आणि रात्रीचा ऑन-कॉल फोन बहुतेकदा तिच्याकडे असतो. यावेळचं निमित्त बिलिंगच्या सेवेचं. ती अधूनमधून बरोबर पाच सेकंद अडते आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात चालू लागते. मी या वादात तटस्थ नाही. कुठे कुणाची बाजू घेतो ते ओघात कळेलच.

धाकटी: सर, कोअरडीएनएसचे पॉड रिस्टार्ट केले, तक्रारी थांबल्या. तिकीट बंद करते.

थोरले: कशामुळे थांबल्या?

धाकटी: रिस्टार्टमुळे.

थोरले: ती वेळ काय होती? पहाटेचे तीन. तेव्हा ट्रॅफिक तसंही ओसरलेलं असतं. तू काही केलं नसतंस तरी तक्रारी थांबल्या असत्या, हे तू नाकारू शकतेस?

धाकटी: नाही नाकारू शकत. पण मागे लोकांची पेमेंट अडकली असताना मी हात बांधून बघत बसू शकत नाही, हेही तुम्ही नाकारू नका.

थोरले: बघत बस असं म्हणत नाही मी. तिकिटात ‘डीएनएस फेल’ एवढंच लिहिलंयस, त्यावर माझा आक्षेप आहे. पॉडच्या आतून विचारलं तेव्हा नेमकं काय उत्तर आलं?

धाकटी: उत्तरच आलं नाही.

थोरले: मग तसं लिही ना! ‘नाही’ असं उत्तर येणं आणि उत्तरच न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनएक्सडोमेन आलं, तर समोर कुणीतरी जिवंत आहे, त्याने प्रश्न ऐकला आणि ‘असं नाव नाही’ म्हणून सांगितलं. मग फक्त एवढंच शोधायचं, की हे कुणी सांगितलं आणि आपण नेमकं काय विचारलं. निम्म्या वेळा माणसाने दुसऱ्या नेमस्पेसमधली सेवा आखूड नावाने हाक मारलेली असते. ‘पेमेंट’ हे नाव फक्त आपल्याच नेमस्पेसमध्ये चालतं, बाहेरून ‘पेमेंट.बिलिंग’ म्हणावं लागतं.

धाकटी: किंवा पॉड होस्ट नेटवर्कवर असतो.

थोरले: बरोबर. तिथे तर नाव ठेवणाऱ्यानेच घोळ घातलाय. डीएनएस पॉलिसीत ‘डिफॉल्ट’ नावाचा एक प्रकार आहे, आणि तो डिफॉल्ट नाही! काही न लिहिता लागू होते ती ‘क्लस्टरफर्स्ट’. पण पॉड होस्ट नेटवर्कवर असला की तीच निमूटपणे ‘डिफॉल्ट’सारखी वागते, म्हणजे नोडचा रिझॉल्व्हर वापरते. त्या बिचाऱ्याला क्लस्टरमधल्या सेवांची नावं कुठून माहीत असणार? तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. तिथे ‘क्लस्टरफर्स्ट-विथ-होस्टनेट’ असं स्पष्ट लिहावं लागतं. आता सांग, यात कोअरडीएनएस रिस्टार्ट करून काय साधणार?

धाकटी: काहीच नाही. सर्व्हफेल आलं तर?

थोरले: सर्व्हफेल म्हणजे ‘प्रश्न पोचला, पण मला उत्तर मिळवता आलं नाही’. बाहेरचं नाव असेल तर कोअरडीएनएस ज्याच्याकडे प्रश्न पुढे ढकलतो त्या वरच्या सर्व्हरकडे बघ. आतलं नाव असेल तर एपीआय सर्व्हरशी त्याचं बोलणं होतंय का ते बघ. परवानग्या बिघडल्या असतील तर लॉगमध्ये ‘फॉरबिडन’ दिसतंच. तो क्रॅशलूपमध्येच असेल तर तोही लॉग वाच. उबंटूच्या नोडवर सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्डचा १२७.०.०.५३ हा पत्ता त्याच्या गळ्यात पडतो, तो स्वतःलाच प्रश्न पाठवत राहतो, लूप सापडला म्हणून लिहितो आणि मरतो. शंभर वेळा रिस्टार्ट कर, शंभर वेळा मरेल. क्यूबलेटला खऱ्या रिझॉल्व्ह-कॉन्फची वाट दाखवल्याशिवाय ते सुटत नाही.

धाकटी: आणि मौन?

थोरले: मौन म्हणजे वाटेत काहीतरी आहे. तिथे नाव, नोंदी, टीटीएल हे सगळं विसरायचं आणि पॅकेटचा रस्ता धरायचा.

इथवर मी थोरल्यांच्या बाजूने आहे. नकार, असमर्थता आणि मौन हे तिन्ही प्रोग्रामच्या लॉगमध्ये बहुधा एकाच ओळीत गोळा होतात: ‘होस्ट सापडला नाही’. ती ओळ ज्या लायब्ररीने लिहिली, तिने माहिती गिळून टाकलेली असते. म्हणून पॉडच्या आतून स्वतः विचारावं लागतं. त्यातही एक गोम आहे. ‘डिग’ सांगितल्याशिवाय सर्च-यादी, म्हणजे आखूड नावाला जोडून बघायच्या शेपट्या, वापरतच नाही, त्यामुळे आखूड नाव प्रोग्रामला सापडतं आणि ‘डिग’ला सापडत नाही. ‘गेटेंट’ मात्र प्रोग्राम ज्या वाटेने जातो जवळपास त्याच वाटेने जातं. आणि इमेज डिस्ट्रोलेस असेल, आत शेलच नसेल, तर कुबरनेटिस १.२५ पासून स्थिर झालेले एफिमेरल कंटेनर आहेत. ‘क्यूबसीटीएल डीबग’ने हत्यारांचा डबा चालू पॉडशेजारी बसवता येतो. पॉड न मारता.

धाकटी: ठीक. मौन आहे, मान्य. रस्ता कसा धरायचा?

थोरले: एकच प्रश्न दोन पत्त्यांवर विचार. आधी सेवेच्या क्लस्टर-आयपीवर, मग थेट कोअरडीएनएसच्या पॉडच्या आयपीवर. पॉड उत्तर देतो आणि क्लस्टर-आयपी देत नाही, तर दोष मधल्या वळवावळवीत. दोन्ही गप्प, पण त्याच नोडवरच्या कोअरडीएनएसकडून उत्तर येतं, तर नोडांमधलं नेटवर्क तपास. फ्लॅनेल असेल तर यूडीपी ८४७२ कुणी बंद केलाय का बघ. एकाच नेमस्पेसमधून सगळीकडेच मौन, तर नेटवर्क पॉलिसी.

धाकटी: ती मीच लिहिली आहे. पोर्ट ५३ उघडा आहे.

थोरले: यूडीपी आणि टीसीपी दोन्ही?

धाकटी: …यूडीपी.

थोरले: हेडलेस सेवेमागे तीसेक पॉड झाले की साधं उत्तर ५१२ बाइटमध्ये मावेनासं होतं. सर्व्हर ‘उत्तर कापलंय, टीसीपीने या’ अशी खूण करतो. ग्लिबसी, म्हणजे पॉडमधली सी लायब्ररी, टीसीपीने जाते आणि तुझ्या पॉलिसीवर आपटते. पॉड कमी असताना सगळं ठीक, सेवा मोठी झाली की बिघाड! असलं काही टेस्टमध्ये सापडत नाही.

धाकटी: पण सर, बिलिंगचं हे नाही. बिलिंगला उत्तर येतं, फक्त कधीकधी पाच सेकंदांनी.

थोरले: हां, आता तू कामाचं बोललीस. चार नाही, सहा नाही, पाच. लोड वाढला म्हणून उशीर झाला असता तर आकडा असा सारखा राहिला नसता, पसरला असता. पाच सेकंद हा ग्लिबसीचा ठरलेला टाइमआउट आहे. म्हणजे पहिला प्रश्न किंवा त्याचं उत्तर हरवलं, ग्लिबसी पाच सेकंद थांबली, पुन्हा विचारलं, आणि दुसऱ्यांदा लगेच मिळालं.

धाकटी: हरवलं कुठे?

थोरले: पॉडच्या रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये नेमसर्व्हर म्हणून १०.९६.०.१० लिहिलंय. हा पत्ता कुठल्या मशीनचा?

धाकटी: कुठल्याच नाही. क्यूब-प्रॉक्सीचे आयपीटेबल्सचे नियम तो कोअरडीएनएसच्या एखाद्या पॉडकडे वळवतात.

थोरले: आणि कुठे वळवलं ते लक्षात राहावं, परतीचं उत्तर उलटं वळवता यावं, म्हणून कर्नल कॉनट्रॅकच्या तक्त्यात नोंद करतो. आता ग्लिबसी एका नावासाठी दोन प्रश्न विचारते, आयपीव्ही४ साठी ‘ए’ आणि आयपीव्ही६ साठी ‘क्वाड-ए’. दोन्ही एकाच सॉकेटमधून, एकाच पोर्टवरून, जवळपास एकाच क्षणी. टीसीपी असतं तर आधी कनेक्शन झालं असतं आणि नोंद त्यातच आटोपली असती. यूडीपीत तसली बोलणी नसतात, पहिलं पॅकेट निघतं तेव्हाच नोंद. दोन पॅकेटं दोन सीपीयूंवरून निघाली तर दोघांनाही वाटतं आपणच पहिले. दोघं आपापली नोंद घेऊन तक्त्यापाशी पोचतात, एकाची लागते, दुसऱ्याची आपटते, आणि आपटलेलं पॅकेट कर्नल मुकाट्याने टाकून देतो.

धाकटी: म्हणजे कोअरडीएनएसला तो प्रश्न कधी दिसलाच नाही.

थोरले: म्हणूनच त्याचा लॉग स्वच्छ होता. ज्याच्यापर्यंत प्रश्न गेलाच नाही त्याला तू रिस्टार्ट केलंस. नोडवर ‘कॉनट्रॅक’चा आकडेवारीचा पर्याय चालव. ‘इन्सर्ट-फेल्ड’ वाढताना दिसलं की शंका उरत नाही.

धाकटीने तिथेच दोन नोडांवर तो आकडा पाहिला. वाढत होता. पण ती गप्प बसली नाही, आणि वाद खरा इथे सुरू झाला.

धाकटी: सर, हे तुम्ही शोधून काढलेलं नाही. २०१८ मध्ये वीव्हवर्क्सच्या मार्टिनास पुम्पुटिस यांनी या कॉनट्रॅक रेसवर सविस्तर लिहिलं, कर्नलमध्ये दुरुस्त्याही पाठवल्या. माहीत असलेल्या आजाराचं प्रत्येक रात्री नव्याने निदान कशाला? नोडलोकल डीएनएस कॅश कुबरनेटिस १.१८ पासून स्थिर आहे. प्रत्येक नोडवर एक छोटा कॅश बसतो. पॉड १६९.२५४.२०.१० वर, म्हणजे आपल्याच नोडवर प्रश्न विचारतो. त्या वाटेवर कॉनट्रॅकला हात लावायची मनाई, आणि कॅश पुढे कोअरडीएनएसकडे जातो तो टीसीपीने. रेस व्हायला जागाच नाही. हे बसवलं असतं तर काल रात्री मी झोपले असते.

थोरले: आणि तो कॅश मेमरी संपून मेला तर? कोअरडीएनएसचे दोन पॉड आहेत, एक गेला तर दुसरा आहे. नोडलोकल नोडमागे एकच. तो उठेपर्यंत त्या नोडवरच्या कुणालाच नाव सापडणार नाही.

धाकटी: एक नोड काही सेकंद अडणं, आणि अख्खा क्लस्टर रोज थोडा थोडा अडणं. मी पहिलं घेईन.

थोरले: त्यापेक्षा बिलिंगच्या पॉडला ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ लाव. दोन प्रश्न दोन सॉकेटमधून जातील, मधे नवा भाग नको.

धाकटी: बिलिंग अल्पाइनवर नाही, त्याला चालेल. पण आमच्या निम्म्या इमेज अल्पाइन आहेत. तिथे ग्लिबसीऐवजी मसल आहे, मसलला तो पर्याय कळतच नाही. लिहिला तरी ढुंकून बघणार नाही.

थोरले: अल्पाइनचा नाद तुमचा. पाच एमबीची इमेज म्हणून नाचता. मसलला टीसीपीवर जाणंसुद्धा २०२३ मध्ये, १.२.४ मध्ये आलं. तोवर कापलेलं उत्तर मिळालं की तेवढीच अर्धी यादी घेऊन पुढे जायची.

धाकटी: मुद्दा तोच! प्रत्येक टीमची लायब्ररी वेगळी, प्रत्येकीचं डीएनएस वागणं वेगळं. जावा तर उत्तर स्वतःकडे वेगळं साठवते. पन्नास टीमना ‘तुमचा रिझॉल्व्हर असा वागवा’ म्हणून मेल पाठवणं हा उपाय नाही, तो शिष्टाचार आहे. दुरुस्ती क्लस्टरमध्येच व्हायला हवी.

इथे मी धाकटीकडे सरकतो. थोरल्यांचं निदान बिनतोड आहे, पण त्यांचा उपाय त्यांच्या काळाचा आहे. तेव्हा सर्व्हर मोजके होते आणि प्रत्येकाचा धनी माहीत होता. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा पहिला आराखडा मांडला, त्याआधी नावांची एकच फाइल एका ठिकाणी राखली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. तिथून इथवर आलो ते जबाबदारी वाटून टाकून. क्लस्टरमध्ये मात्र ती वाटणी उलटी फिरते. पॉड काही मिनिटांत जन्मतो आणि मरतो, त्याला धनी नसतो, धनी प्लॅटफॉर्मच.

थोरले: बरं, क्लस्टरमध्येच दुरुस्त करायचं म्हणतेस. मग एनडॉट्सचं काय, किती टिंबं असली की नाव पूर्ण समजायचं त्या आकड्याचं?

धाकटी: तो पाच आहे. सगळीकडे.

थोरले: का पाच?

धाकटी: ‘_एचटीटीपी._टीसीपी.कुबरनेटिस.डिफॉल्ट.एसव्हीसी’ अशा नावात चार टिंबं असतात. त्यालाही सर्च-यादीतून ‘क्लस्टर.लोकल’ जोडलं जावं म्हणून.

थोरले: म्हणजे वर्षातून एकदा कुणी विचारेल अशा नावासाठी रोजच्या प्रत्येक बाहेरच्या नावाने दंड भरायचा. बिलिंग बँकेचा एपीआय विचारते, त्या नावात दोन टिंबं. दोन पाचांपेक्षा कमी, म्हणून आधी शेपट्या लावून बघायचं: नेमस्पेसची, एसव्हीसीची, क्लस्टर.लोकलची. मुंबई रीजनमध्ये असशील तर नोडकडून आलेली चौथी, एपी-साउथ-१ वाली. या सगळ्यांना नकार मिळाला की मग खरं नाव. पाच नावं, प्रत्येकी दोन प्रश्न. दहा प्रश्न, त्यांतले आठ वाया.

धाकटी: वाया, पण कोअरडीएनएसला जड नाहीत. त्याचा कॅश आहे.

थोरले: ती चौथी शेपटी क्लस्टरची नाही, ती वर जाते. आणि अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये रिझॉल्व्हरकडे जाणाऱ्या पॅकेटांवर प्रत्येक नेटवर्क इंटरफेसमागे सेकंदाला १०२४ ची मर्यादा आहे. कोअरडीएनएसचे दोन्ही पॉड एकाच नोडवर येऊन बसले तर सगळ्या क्लस्टरचे बाहेरचे प्रश्न एकाच इंटरफेसमधून जातात. मर्यादा ओलांडली की पॅकेटं गळतात. परत तेच मौन, परत पाच सेकंद, पण कारण वेगळं! तू कॉनट्रॅक बघून समाधानाने घरी जाशील आणि हे तसंच राहील.

धाकटी: हे मात्र मी बघितलं नव्हतं. दोन पॉड वेगळ्या नोडांवर बसतील अशी अट आजच घालते.

जरा थांबून तिने जुनं हत्यार बाहेर काढलं.

धाकटी: पण तुमचं ते पालुपद, की डीएनएस फक्त निरोप्या असतो, दोष दुसऱ्याचाच असतो, ते मला पटत नाही.

थोरले: ४ ऑक्टोबर २०२१. फेसबुक जगाच्या नकाशावरून गेलं. सगळे म्हणाले डीएनएस. खरं म्हणजे दुरुस्तीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांचं बॅकबोन नेटवर्क तुटलं. त्यांचे डीएनएस सर्व्हर धडधाकट होते, पण डेटा सेंटर दिसेनात म्हणून त्यांनी ठरल्याप्रमाणे आपले बीजीपीचे रस्ते मागे घेतले. निरोप्याने आपलं काम चोख केलं, तुम्ही त्यालाच झोडपलं.

धाकटी: ऑक्टोबर २०२५. अॅमेझॉनचं यूएस-ईस्ट-१. डायनॅमोडीबीच्या नोंदी सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेतच रेस झाली आणि नावासमोरचे सगळे पत्ते पुसले गेले. नेटवर्क ठीक, सर्व्हर ठीक, नोंद रिकामी. इथे निरोप्याच चुकला.

थोरले: रिकामी नोंद. म्हणजे नकार नाही, मौनही नाही. उत्तर आलं आणि आत काहीच नव्हतं. हा चौथा प्रकार, आणि हेडलेस सेवेचे सगळे पॉड तयार नसले की आपल्याकडेही जवळपास हेच दिसतं. बघ, तुझं उदाहरणसुद्धा माझंच काम करतं. उत्तराचा प्रकार आधी.

धाकटी: तुम्ही हरलात तरी जिंकता.

त्यात तथ्य आहे, पण धाकटीच्या एका गोष्टीला थोरल्यांकडे उत्तर नव्हतं.

धाकटी: उत्तराचा प्रकार बघायला तुम्हाला दोन मिनिटं लागतात, कारण तुम्ही पस्तीस वर्षं हेच केलं. नवीन मुलाला रात्री तीनला वीस मिनिटं लागतील, आणि तेवढ्यात तो रिस्टार्टच मारेल, कारण रिस्टार्ट त्याच्या हातात आहे. मग पुरावा आधीच गोळा होत राहिला पाहिजे. कोअरडीएनएसचे मेट्रिक्स प्रत्येक उत्तराचा कोड मोजतातच, नकार किती, सर्व्हफेल किती. नोडचं इन्सर्ट-फेल्डही त्याच डॅशबोर्डवर आणते. आणि मौन कोअरडीएनएसला मोजता येत नाही, म्हणून प्रत्येक नोडवरून दर काही सेकंदांनी एक ओळखीचं नाव विचारणारा छोटा पॉड ठेवते. मग तिकिटात ‘डीएनएस फेल’ लिहिलं तरी चालेल, बाकीचं आलेखात असेल.

थोरले: …हे कर. आणि रिस्टार्ट मारायचाच असेल तर दोनपैकी एकच पॉड मारायचा, हे रनबुकमध्ये लिही. त्याला बरं वाटलं आणि दुसऱ्याला नाही, तर तेही निदानच.

धाकटी: लिहिते. नोडलोकल?

थोरले: दोन नोडांवर लाव, आठवडाभर आकडे बघ. मेमरीची मर्यादा सढळ ठेव.

धाकटी: आणि एनडॉट्स मी सगळ्या पॉडच्या डीएनएस-कॉन्फिगमध्ये एक करते. दंडच नको.

थोरले: एक नको. ‘पेमेंट.बिलिंग’मध्ये एक टिंब आहे. एनडॉट्स एक असेल तर ते पूर्ण नाव समजून आधी तसंच विचारलं जाईल. ग्लिबसी नकार मिळाल्यावर निदान सर्च-यादीकडे वळते, पण आतल्या सेवेचं नाव उगाच बाहेरच्या सर्व्हरला कळतं. आणि तुझी लाडकी मसल तर सर्च-यादी उघडतच नाही. टिंबं पुरली म्हणजे नाव पूर्ण, विषय संपला. तिथे ‘पेमेंट.बिलिंग’ कायमचं गेलं.

धाकटी: मग दोन.

थोरले: दोन चालेल. फक्त कुणी ‘पेमेंट.बिलिंग.एसव्हीसी’ लिहून थांबलंय का ते शोध. त्यात दोन टिंबं आहेत, अल्पाइनवर ते तुटेल.

धाकटी: सगळ्या रेपोंमध्ये शोधते. सापडतील तिथे पुढे ‘क्लस्टर.लोकल’ लावते, आणि शेवटी एक टिंब.